वरणात काय आहे, आबा?

आमच्या ओट्यावरच्या फळीवर एकसारखे सहा डबे आहेत. तीन डब्यांत पिवळ्या डाळी, एकात केशरी, एकात पांढरी, एकात हिरव्या सालाची. तेव्हा कुठल्याही डब्यावर नाव नव्हतं, कारण ज्या बाईनं ते आजवर भरले तिला नावाची कधी गरज पडली नव्हती. ती बाई म्हणजे माझी बायको. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती आतल्या खोलीत पलंगावर होती आणि तिथून मला सांगत होती, "अहो, तुरीची घ्या अर्धी वाटी. धुवा आणि भिजत घाला." मी तीन पिवळ्या डब्यांसमोर उभा. शेवटी तिन्हींतले चार-चार दाणे तळहातावर घेऊन आत गेलो. तिनं बोटानं दाखवलं. ही मुगाची, बारीक आणि लांबट. ही हरभऱ्याची, जाड, जरा ओबडधोबड. आणि ही तुरीची, चपटी, गोल, मधे किंचित फुगीर. "वासावरून पण कळतं," ती म्हणाली. मी वास घेतला. तिन्हींचा मला एकच वाटला.

उभी हयात माझी मुंबईत बेस्टच्या बसवर गेली, ड्रायव्हर म्हणून. शेवटची वर्षं दिंडोशी आगारात काढली आणि घरही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, नागरी निवारा वसाहतीत. पाळी कुठलीही असो, घरी आलो की ताट वाढलेलं असायचं. त्या ताटात वरण रोज होतं. रोज खाल्लेल्या पदार्थाबद्दल माणसाला इतकं कमी माहीत असू शकतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

घरात दोन नातवंडं. नातू सात वर्षांचा, महापालिकेच्या शाळेत दुसरीला. नात चार वर्षांची. मुलगा अंधेरीला एमआयडीसीत कामाला, सून परिचारिका. सुनेची दुपारची ड्युटी लागली की ती रात्री दहाच्या पुढे येते. सकाळचा स्वयंपाक ती करून जायची. संध्याकाळचा प्रश्न होता आणि तो मी घेतला. भात लावता येईल, वरण लावता येईल, पोळ्या खालच्या पोळीवाल्या ताईंकडून येतील, असा हिशेब केला. पोरं डाळ खात नाहीत हे मला माहीत होतं, पण ते कसं माहीत होतं? बायको कधीमधी तक्रार करायची, तेवढंच. समोर बसून ते बघणं निराळं असतं.

नातवानं पहिल्याच संध्याकाळी वाटीत डोकावून विचारलं, "वरणात काय आहे, आबा?"

"डाळ."

"आणखी?"

"हळद. हिंग. मीठ."

"आणि हे काळं?"

मोहरी होती. मग हिरवं पान, तो कढीपत्ता. मग पांढरं, ती लसणीची पाकळी. मग कडेला पाणी आणि तळाशी गाळ, असं का, हा प्रश्न. त्याचं मला उत्तर देता आलं नाही. त्यानं मोहरीचा एकेक दाणा चमच्यानं बाजूला काढला, आणि तेवढ्यात भात गार झाला म्हणून दोन्ही राहिलं. नातीची तऱ्हा वेगळी. तिला भात चालतो, वाटीतलं वरणही ती बोट बुडवून चाखते, पण भाताला वरण लागलं की ताट सरकवते. एकमेकांना शिवायचं नाही, असा तिचा कायदा.

बायकोला वाटायचं की यात अवघड काही नाही. "भात कालवा, तूप घाला, गोळे करा आणि भरवा. काऊचा, चिऊचा. माझी पोरं अशीच वाढली." खरं आहे, तिनं तसंच वाढवलं. सुनेचं म्हणणं उलट. ती म्हणाली, "आबा, भरवायचं नाही. ताटात काय, किती वाजता आणि कुठं बसून, हे आपण ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते त्यांचं." तिच्या शिक्षणात हे आलं होतं. अमेरिकेतल्या एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात ही वाटणी मांडली आणि जगभर ती शिकवली जाते, असं तिनं सांगितलं. शिवाय दोन ते सहा या वयात मूल नव्या पदार्थाला घाबरतं, तो हट्ट नसतो, ते वयच तसं असतं. तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आला, जबरदस्ती न होता, की बरीच मुलं हळूहळू तो तोंडात घेतात.

मी दोघींच्या मधे. एकीचं ऐकलं तर दुसरी दुखावणार, आणि रात्री आठ वाजता दोन पोरं भुकेली. मला त्या काळात खरोखर कळत नव्हतं की चूल बघायची, पोरांकडे बघायचं की घरातल्या दोन मतांकडे. पण सुनेच्या बोलण्यातलं एक मला पटलं. भरवताना पोराला घासात काय आहे ते दिसत नाही, आणि आमच्या नातवाला तेच तर बघायचं होतं. तो खायला नाही म्हणत नव्हता. तो विचारत होता.

इथून माझं लक्ष पोरांवरून वाटीवर गेलं. पाणी वर आणि गाळ खाली, असं का?

याचं उत्तर मला पलीकडच्या इमारतीतल्या आजींनी दिलं. वय ऐंशीच्या पुढं. तरुणपणी गोरेगावात राहायच्या आणि १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीचे मोर्चे निघाले तेव्हा हातात लाटणं घेऊन त्या मृणालताई गोऱ्यांच्या मागं चालल्या होत्या. आमच्या या वसाहतीला नागरी निवारा म्हणतात तो त्याच मृणालताईंच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेमुळे. जमिनीसाठी त्यांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीतल्या या टेकाडावर आमच्यासारख्या हजारो कुटुंबांना घरं मिळाली. आजींना अजून बाजारभाव तोंडपाठ असतात. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती, ते वर्ष त्या विसरलेल्या नाहीत. "डाळ महागली की आधी पातळ होते," त्या म्हणाल्या. "मग ती फक्त कमावत्याच्या वाटीत जाते. आणि पोरांना पातळ पाण्याची सवय लागली की घट्ट वरण त्यांना चालत नाही. तुमच्याकडे तसं नाही. तुम्ही ते घोटलेलंच नाही."

घोटणं. मी डाळ चमच्यानं ढवळली होती. आजींनी घरी बोलावून रवी हातात दिली. कुकर उघडल्यावर डाळीत जास्तीचं पाणी घालायचं नाही. आहे त्या घट्ट डाळीतच रवी फिरवायची, तळहातांमधे, एकही कण उरत नाही तोवर थांबायचं नाही. मग गरम पाणी, थोडं थोडं. गार नाही. आधी पाणी घातलं की डाळ रवीच्या पुढं पुढं पळते आणि कणी तशीच राहते. मग उकळी, मग मीठ, हवा तर सुपारीएवढा गूळ. एवढं केलं की वरण एकजीव होतं आणि वाटीत ठेवलं तरी पाणी सुटत नाही.

त्याच्याही आधी डाळ मऊ शिजायला हवी, आणि तिथंही मला बरंच शिकायचं होतं. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून असतात. गरम पाण्यात तो सांधणारा पदार्थ विरघळला की डाळ फुटते. पाणी जड असेल, त्यात चुना जास्त असेल, तर तो सांधा सुटत नाही. आंबट घातलं तरी सुटत नाही. माझं मूळ गाव साताऱ्याकडच्या माण तालुक्यात. तिथं बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून आई चिमूटभर सोडा टाकायची. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं तलावाचं पाणी येतं, ते हलकं, त्यामुळे इथं सोड्याची गरज पडत नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यावर घालायचं, आधी नाही. आई चिंच नेहमी शेवटी का टाकायची, याचं कारण मला या वयात कळलं आणि मी ते फोन करून गावाकडच्या बहिणीलाही सांगितलं. तिला ते माहीत होतं. कारण माहीत नव्हतं, पण करायची तसंच.

कुकरच्या शिट्यांचं गणित मात्र मला लवकर जमलं. कंडक्टरची घंटा आल्याशिवाय गाडी हलवायची नाही हे अंगात भिनलेलं असल्यामुळे असेल, शिटी मोजायला मी विसरत नाही. आत दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर न उकळता साधारण एकशेवीसपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर होते. तुरीला, अर्धा तास भिजवलेली असेल तर, आमच्या कुकरला चार शिट्या आणि मग बारीक आचेवर पाच मिनिटं. मुगाला दोन पुरतात. मसूर त्याहून सोपी. हरभऱ्याची डाळ भिजवली नाही तर शिट्या मोजायच्याच राहतात. भिजवलेलं पाणी मी टाकून देतो, कारण डाळीतली जी साखर पोटात वायू करते तिच्यातली थोडी त्या पाण्यात उतरते. हिंग घालायचं तेही पोटासाठीच, आणि वासासाठी. एवढं रोजचं हिंग, पण पीक आपल्याकडचं नव्हे. पिढ्यानपिढ्या ते अफगाणिस्तान, इराणकडून येत आलंय. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड सुरू झाली ती थेट २०२० साली. कुकरमधे डाळीबरोबर तेलाचे चार थेंब टाकायचे, म्हणजे फेस वर येऊन शिटीत अडकत नाही. वाण्याकडे तेल लावलेली तूरडाळही मिळते, ती आधी गरम पाण्यानं चोळून धुवावी लागते. आम्ही बिनतेलाची आणतो.

मापांचा घोळ बायकोच्या फळीवरच्या 'रुचिरा'नं निस्तरला. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली पहिल्यांदा निघालं, आणि वाटी-चमच्यांच्या मापात सगळं सांगितल्यामुळे माझ्यासारख्याला ते आधार वाटतं. बायको "बेतानं" म्हणते, "होईल तेवढं" म्हणते, "रंगावरून कळेल" म्हणते. मला रंगावरून कळत नव्हतं. वाटी कळत होती. एकच वाटी बाजूला काढून ठेवली आणि घरात सगळ्यांना सांगितलं की ही आता मापाची, हिच्यात कुणी चटणी ठेवायची नाही.

मग मी वरण लावलं ते असं. तूर अर्धी वाटी, हळद, हिंग, तेल. शिजवून, घोटून, घट्टसर. फोडणी नाही. मोहरी नाही, पान नाही, लसूण नाही. वाटीत नुसतं पिवळं, गुळगुळीत. नातवानं पाहिलं. "काय आहे?" "डाळ, हळद, हिंग, मीठ." "आणखी?" "काही नाही." त्यानं चमचा घालून ढवळलं, तळ बघितला. तळाशी काही नव्हतं. त्यानं खाल्लं. खूप नाही, तीन-चार चमचे. पण त्यानं ते स्वतः घेतलं.

मला त्या दिवशी जे वाटलं ते असं, आणि अजूनही माझं मत तेच आहे. पोराला डाळ नको नसते. पुढच्या घासात दाताखाली काय येईल याची खात्री नसते, ती त्याला हवी असते. मोठ्या माणसाला फोडणीतली मोहरी म्हणजे चव. सात वर्षांच्या पोराला तो अचानक फुटणारा कडू दाणा. आपण त्यालाच नखरा म्हणतो. माझ्या लेखी तो विश्वासाचा प्रश्न आहे, आणि विश्वास कमवायचा तर वरण रोज तसंच लागलं पाहिजे. म्हणून बरेच दिवस मी काहीही बदललं नाही. बायको म्हणायची, कंटाळतील. कंटाळले नाहीत. पोरांना तेच ते आवडतं, गोष्टसुद्धा तीच पुन्हा सांगायला लावतात की.

बदल केला तो एका वेळी एकच, आणि सांगून. आज यात जिरं आहे, तुपात तळलेलं, बघ. दुसऱ्या आठवड्यात लिंबू. लिंबू मी त्यालाच पिळायला दिलं. सून म्हणाली ते बरं केलंत, डाळीतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. वरणभात-तूप-लिंबू ही चौकडी आपल्याकडे कुणी ठरवली माहीत नाही, पण तिच्यात शहाणपण आहे. तांदळात जे प्रथिनाचं अंग कमी पडतं ते डाळीत असतं, आणि डाळीत जे कमी ते तांदळात. दोन्ही एका ताटात आले की भरून निघतं. नातीच्या कायद्यालाही यात जागा आहे. भात वेगळा, वरण वेगळं, दोन्ही एकाच जेवणात पोटात गेले की झालं. तिला मी तीन कप्प्यांचं ताट आणलं आणि भातावर वरण ओतणं बंद केलं. बायकोला ते ताट अजून पटत नाही. "हॉस्पिटलातलं वाटतं," म्हणते.

मधे एक गोष्ट कळली आणि मी चक्रावलो. नातू शाळेत मुगाची खिचडी खातो. पोटभर खातो, वर मागून घेतो. बाईंनीच सांगितलं. मूग, हळद, मोहरी, टोमॅटो, सगळं असलेली खिचडी! घरी हाच मुलगा मोहरी वेचत होता. शाळेतलं जेवण प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेतलं. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असा त्याचा हिशेब आहे. महाराष्ट्रानं २०२४ साली पाककृतींची यादी वाढवली, मसालेभात, मटकीची उसळ, चवळीची खिचडी असं आलटून पालटून.

२० ग्रॅम म्हणजे किती, हे मला बघायचं होतं. वाण्याच्या काट्यावर तोलून घेतली. माझ्या ओंजळीतही नाही, नुसत्या मुठीत मावली. मी तर पोराच्या वाटीत मोठ्या माणसाएवढं वरण वाढत होतो आणि ते उरलं की काळजी करत होतो. कोरडी तूरडाळ १०० ग्रॅम घेतली तर तिच्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. मुठीतल्या २० ग्रॅममध्ये साडेचारच्या आसपास. शिजून, पाणी पिऊन ती लहान वाटीभर होते. तेवढी अर्धी गेली तरी शाळेतली धरून त्याचं चाललेलं असतं. हे तोलल्यावर माझा जीव निम्मा हलका झाला, आणि मला वाटतं घरोघरच्या आयांनी, आज्यांनी एकदा तरी मुठीत डाळ घेऊन बघावी. आपण भीती मोठ्या वाटीची बाळगतो.

पण तो शाळेत का खातो, हा प्रश्न राहिलाच. सुनेनं सांगितलं, १९८० साली लिअ‍ॅन बर्च नावाच्या संशोधिकेनं बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्याला एक भाजी आवडते त्याला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांमधे काही दिवस जेवायला बसवलं, आणि तो स्वतःहून दुसरी भाजी घेऊ लागला. कुणी समजावलं नाही, बक्षीस दिलं नाही. शेजारी बसलेलं पोर खात होतं, एवढंच.

आमच्या मजल्यावर अशी पोरं आहेत. समोर मालवणकडच्या वहिनी, त्यांची दोन. पलीकडे एक गुजराती कुटुंब, त्यांचा एक. शनिवारी संध्याकाळी जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत चटई टाकून पाचही पोरांना एकत्र बसवायचं ठरलं. अंधार पडायच्या आत खाली खेळणाऱ्यांना वर बोलवावंच लागतं, कारण मागं जंगल आहे आणि बिबट्या फिरकल्याची बातमी अधूनमधून येत असते. त्यामुळे पोरं वेळेवर गोळा होतात. वहिनींनी कुळथाची पिठी आणली, गुजराती बेननी गूळ आणि शेंगदाणे घातलेली त्यांची गोड डाळ. माझं वरण. नातवानं त्या गोड डाळीतला शेंगदाणा उचलला, विचारलं नाही, खाल्ला. कुळथाच्या पिठीला मात्र तो शिवला नाही. तिचा करडा रंग बघून नातीनं हात मागं घेतला. वहिनींना वाईट वाटलं नाही. "भावोजी, माझीं पोरांसुद्धा आधी असाच करीत," त्या म्हणाल्या. पुढच्या शनिवारी पिठी पुन्हा आली. ती येतच राहिली. नातीनं एकदा पोळीचा तुकडा तिच्यात टेकवला आणि चाटला. तेवढ्यावर आहे.

शनिवारच्या पंगतीपेक्षाही चकोल्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्यांनी सगळ्यात जास्त काम केलं. कुणी त्यांना वरणफळं म्हणतात. आमच्या सातारच्या बाजूला चकोल्या. कणीक नेहमीपेक्षा घट्ट मळायची, मीठ, हळद, जरा ओवा घालून. मोठी पोळी लाटायची आणि सुरीनं शंकरपाळ्यांसारखी कापायची. दुसरीकडे वरण पातळ करून उकळत ठेवायचं, त्यात गूळ, आमसूल, आणि आमच्याकडे गोडा मसाला. आमटी खळखळ उकळत असताना एकेक तुकडा सोडायचा, सगळे एकदम सोडले तर चिकटतात. दहा-बारा मिनिटांत ते शिजून वर येतात. वर तूप.

मला पोळी गोल लाटता येत नाही. इथं ती गोल असायची गरजच नव्हती. कापायचं काम नातवाला दिलं, बोथट सुरीनं. त्यानं चौकोन कापले, त्रिकोण कापले, एक बस कापली, चाकांसकट. नातीनं वाटीच्या कडेनं चंद्र काढले. मग त्या आमटीत काय आहे हे विचारायचं कारणच उरलं नाही. काय आहे ते त्यांनीच घातलं होतं. आपली बस कुठल्या वाटीत आली हे शोधत नातू दोन वाट्या आमटी प्यायला, गोडा मसाला घातलेली, तीही. नातीचा भात-वरण न शिवण्याचा कायदा चकोल्यांना लागू झाला नाही. का नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "हे आधीपासूनच एकत्र आहे." चार वर्षांच्या पोरीचं हे उत्तर मला पूर्ण पटलं. कालवलेला भात म्हणजे कुणीतरी तिच्या ताटात केलेली ढवळाढवळ, आणि चकोली म्हणजे एक पदार्थ.

त्याच धाग्यानं मुगाचं धिरडं सुचलं. पिवळी मूगडाळ तीन तास भिजवायची, थोडंसं आलं आणि मीठ घालून बारीक वाटायची, तव्यावर पातळ पसरायची. एक जिन्नस, एक रंग. नातीला ते फार आवडतं. रात्री मी डाळ भिजवायला घेतली की ती विचारते, पिवळा डोसा का? डोसा तर डोसा. मसुरीचंही करून बघितलं, ते तव्याला धरतं. मूग आणि थोडी मसूर मिसळली तर निघतं.

सगळंच जमलं असं नाही. उडदाचं घुटं हा माझ्या लहानपणचा सगळ्यात लाडका पदार्थ. डाळ जराशी भाजून, शिजवून, घोटून, लसूण-मिरची-कोथिंबीर ठेचून लावलेलं, बाजरीच्या भाकरीबरोबर. मी मिरचीविना केलं आणि फार आशेनं वाढलं. उडदाला अंगचाच एक चिकटपणा असतो, चमचा उचलला की तार येते. ती तार बघून दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, ठरल्याप्रमाणे. मी आणि बायकोनं मिळून संपवलं, तिनं पलंगावर बसून, दोनदा मागून घेतलं. सालाच्या मुगाची खिचडीही घरी अजून नाकारली जाते, ती हिरवी सालं दिसतात म्हणून. आणि मटकीची उसळ नातू फक्त शाळेतली खातो. तो हक्क मी शाळेलाच सोडून दिलाय.

बायको आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येते. ओट्याशी खुर्ची टाकली आहे, तिथून तिचं लक्ष असतं. परवा तिनं डब्यांवर नावं का चिकटवली म्हणून विचारलं. मी सांगितलं, सुनेलाही कामाला येतील, आणि नातू आता मोठा होतोय, त्यालाही. तिला वाटतं की आता फोडणी परत यायला हरकत नाही, नाहीतर पोरं जन्मभर बिनफोडणीचं खातील. माझं म्हणणं, मोहरी वगळून जिरं, हिंग, आणि पुढच्या महिन्यात कढीपत्ता, तोही आधी चुरडून. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. सध्या वरण मी लावतो, आमटी ती सांगेल तशी होते, आणि चकोल्यांच्या आमटीत गूळ किती हे नातू चाखून ठरवतो.